विजेच्या डब्यातून जळका वास आला तर

आपल्या आंबेगाव तालुक्यात कांदा-बटाटा पिकतो. चाळीत कांदा भरून ठेवला, की घरचा जाणता माणूस अधूनमधून चाळीशी जातो आणि वास घेतो. आत कुठे एखादा कांदा सडला, तर तो डोळ्यांना दिसत नाही. पण वास येतो. मग आपण काय करतो? नाक दाबून पुढे जात नाही. फळी काढतो आणि सडका कांदा शोधून बाहेर टाकतो. एका कांद्यापायी सारी चाळ जाऊ देत नाही.

घरातल्या विजेच्या डब्याचेही असेच आहे. आत काही बिघडले, तर ते बाहेरून दिसत नाही. दिवे लागतात, पंखा फिरतो, टी.व्ही. चालतो. सगळे ठीक दिसते. पण डब्याजवळ जळका वास येतो. तो वास म्हणजे निरोप आहे. तो निरोप ऐकायचा कसा आणि ऐकल्यावर करायचे काय, हे या पाठात आपण पाहू. एक फरक मात्र आताच ध्यानात घ्या. सडका कांदा आपण हाताने काढतो. विजेच्या डब्यात हात घालायचा नाही.

डब्यात काय असते?

रस्त्यावरच्या खांबावरून तार आपल्या घरी येते. ती आधी मीटरमध्ये जाते. मीटरमधून ती मेन स्विचमध्ये जाते. मेन स्विचपुढे फ्यूज असतात. तिथून घरभर तारा जातात.

जुन्या घरांत फ्यूज चिनी मातीचा असतो. पांढरा ठोकळा असतो, तो खाचेत दाबून बसवतात. त्याला आपल्याकडे कोणी कटआउट म्हणतात, कोणी किटकॅट म्हणतात. त्याच्या पोटात एक बारीक तार असते. नव्या घरांत ठोकळ्याच्या जागी एमसीबी असते. तिला वर-खाली होणारा छोटा खटका असतो.

या दोघांचे काम एकच. तारेतून ठरल्यापेक्षा फार जास्त वीज वाहू लागली, तर फ्यूजची बारीक तार वितळते. एमसीबी असेल तर खटका खाली पडतो. वीज तुटते आणि घरातली तार वाचते. आपण म्हणतो, "फ्यूज उडाला." तो उडाला म्हणून रागावू नये. त्याने आपले काम केले.

विजेचे माप अँपिअरमध्ये करतात. दिव्यांच्या फ्यूजला बहुधा ५ अँपिअरची तार असते. ही तार ०.२ मिलिमीटर जाडीची, म्हणजे दोऱ्यासारखी बारीक असते. मोठ्या उपकरणांच्या फ्यूजला १५ अँपिअरची तार असते. ती अर्धा मिलिमीटर जाड असते. एवढीशी तार साऱ्या घराची राखण करते.

फ्यूजला काय कळत नाही?

आता या पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती नीट वाचा. पुन्हा एकदा वाचा.

पुष्कळ लोक म्हणतात, "काही वाईट झाले असते, तर फ्यूज उडालाच असता की! उडाला नाही, म्हणजे काळजीचे कारण नाही." हा समज खोटा आहे आणि घातक आहे.

असे का? बैलगाडीचे उदाहरण घ्या. गाडीत दहा पोती भरली आहेत. दहा पोती गाडीला पेलतात. पण आसाला वंगण नाही. गाडी चालू लागली, की चाक कुरकुरते, आस घासतो आणि तापतो. बोट लावले तर चटका बसतो. वजन जास्त झाले का? नाही. पोती दहाच आहेत. बिघाड वजनात नाही, आसात आहे.

फ्यूज हा बाजारातल्या मापाड्यासारखा आहे. पोती किती, एवढेच तो मोजतो. पोती जास्त झाली, की तो गाडी अडवतो. पण आस तापला हे त्याला कळत नाही. ते त्याचे कामच नव्हे.

विजेच्या डब्यात आस तापण्याची जागा म्हणजे सैल सांधा. तार जिथे स्क्रूखाली दाबलेली असते, तिथला स्क्रू कालांतराने ढिला पडतो. किंवा ठोकळ्याची पितळी पाने गंजतात आणि खाचेत घट्ट बसत नाहीत. जुन्या घरांत अॅल्युमिनियमच्या तारा आहेत. अॅल्युमिनियम मऊ असते, दाबाखाली ते हळूहळू पसरते आणि सांधा सैल होतो. त्याच्यावर न दिसणारा पापुद्रा चढतो. त्यातून वीज नीट जात नाही. अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला नुसती पिळून जोडली, तर तो सांधा आणखी लवकर खराब होतो.

अशा सांध्यातून वीज वाहिली, की तिला अडथळा होतो. जिथे अडथळा तिथे उष्णता. हा नियम जेम्स जूल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडला. नियम असा: वीज दुप्पट वाहिली, तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते.

थोडा हिशेब करू. अडथळ्याचे माप ओहम. सैल सांध्याचा अडथळा समजा अर्धा ओहम झाला. त्यातून १० अँपिअर वीज जात आहे. १० गुणिले १० म्हणजे १००. त्याचे अर्धे ५०. म्हणजे त्या एका स्क्रूपाशी ५० वॅटची उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणारा डाग द्यायला जी छोटी इस्त्री वापरतो, ती २५ वॅटची असली तरी तिने कथलाचा डाग वितळतो. इथे तिच्या दुप्पट उष्णता आहे आणि ती बंद डब्यात, लाकडी फळीवर, प्लास्टिकच्या तारांमध्ये आहे. तीही रात्रभर, कोणी पाहत नसताना.

आणि फ्यूज? फ्यूजची तार १५ अँपिअरची आहे. वाहत आहेत १०. मापाडी म्हणतो, "माल बरोबर आहे, जाऊ द्या." फ्यूज उडत नाही. एमसीबी पडत नाही. डबा मात्र आतून भाजत राहतो.

अशा वेळी घराची राखण कोण करणार? आपले नाक. म्हणून जळक्या वासाकडे कधी काणाडोळा करू नये. फ्यूजला जे कळत नाही, तेच तो वास आपल्याला सांगत असतो.

वास कसा ओळखावा?

विजेचा जळका वास चुलीच्या धुरासारखा नसतो. तारेवरचे प्लास्टिक तापले, की उग्र, घशाला झोंबणारा वास येतो. जुने काळे किंवा तपकिरी बटण तापले, की कधी कधी मासळीसारखा वास येतो. घरात बोंबील नाही, सुकट नाही, तरी तसा वास येत असेल, तर आधी विजेचे बोर्ड पाहावेत.

वासाबरोबर आणखी खुणा असतात. त्या अशा:

दिवा मधूनच मंद होतो, मधूनच उजळतो.
डब्यातून चर्र चर्र किंवा गुणगुण असा आवाज येतो.
डब्याच्या कडेला किंवा भिंतीवर काळा, तपकिरी डाग पडतो.
बटण किंवा प्लग वाकडा होतो, वितळल्यासारखा दिसतो.
डब्याजवळ तळहात नेला, तर ऊब लागते. तळहात फक्त जवळ न्यायचा. डब्याला लावायचा नाही.

एक वास मात्र अगदी वेगळा आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात घाण वास मुद्दाम मिसळतात. तो सडक्या कोबीसारखा असतो. तसा वास आला, तर विजेचे कुठलेही बटण लावू नका आणि बंदही करू नका. बटण दाबताना बारीक ठिणगी पडते. तेवढ्याने गॅस पेटतो. गॅसचा कॉक बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि सर्वांना बाहेर काढा. मग बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करा. पुढे सांगितलेली कामे गॅसच्या वासासाठी नाहीत. ती विजेच्या जळक्या वासासाठी आहेत.

काय करावे?

विजेचा जळका वास आला, तर पुढील कामे याच क्रमाने करा.

पहिले काम: घरातल्या सर्वांना हाक मारा. झोपलेल्यांना उठवा. म्हातारी माणसे आणि मुले ओटीवर किंवा अंगणात आणा.

दुसरे काम: मोठी उपकरणे त्यांच्या बटणावर बंद करा. पाणी तापवायचा हीटर, गीझर, इस्त्री, विजेची शेगडी, पाण्याची मोटार. ओझे कमी झाले, की सांध्याची उष्णता लगेच उतरू लागते.

तिसरे काम: मेन स्विच बंद करा. हात कोरडे हवेत. पायांत कोरडी चप्पल हवी. जमीन ओली नको. डब्यासमोर तोंड आणून उभे राहू नका, बाजूला उभे राहा. एकाच हाताने दांडी खाली ओढा.

पण डब्यातून धूर निघत असेल, ठिणग्या उडत असतील, किंवा डबा तापलेला असेल, तर मेन स्विचला हात लावू नका. सरळ बाहेर पडा. वीज खांबावरून किंवा डीपीवरून तोडायला वायरमनला सांगा. डीपीवर आपण स्वतः चढू नये. आपल्या ओळखीचा मुलगा "मी चढतो" म्हणाला, तर त्यालाही चढू देऊ नये.

चौथे काम: डबा उघडू नका. मेन बंद केला, की सगळी वीज गेली असे वाटते. तसे नाही. मीटरपासून मेन स्विचपर्यंतची तार जिवंतच असते. घरात पूर्ण अंधार असला, तरी त्या टोकाला हात लागला तर शॉक बसून जीव जाऊ शकतो.

पाचवे काम: फोन करा. कोणाला, ते पुढे सांगितले आहे.

सहावे काम: निदान तासभर डब्यावर दुरून नजर ठेवा. आत धुमसणारे लाकूड किंवा कापूस वीज तुटल्यावरही पेटू शकतो. चूल विझली असे वाटते आणि राखेत निखारा असतो, तसे हे आहे.

सातवे काम: बिघाड सापडून दुरुस्त होईपर्यंत मेन पुन्हा लावू नका. वास थांबला म्हणजे दुखणे बरे झाले असे नव्हे. वीज बंद म्हणून वास बंद. वीज लावाल, तर सांधा पुन्हा तापेल.

एका घरी काय झाले?

समजा, एका घरी संध्याकाळी हा प्रसंग आला. थोरल्या मुलाचा उद्या दहावीचा पेपर आहे. तो अभ्यासाला बसला आहे. आत मोठ्या शेगडीवर पाणी तापत आहे. सून ओटीवर आली आणि थबकली.

सून म्हणाली, "आत्याबाई, कसला वास येतोय बघा. सुकट भाजल्यागत."

सासू म्हणाली, "आज सोमवार. आपल्या घरात कुठली आली सुकट? डब्यापाशी जाऊन बघ. हात लावू नकोस."

सुनेने डब्याजवळ तळहात नेला. ऊब लागली. तिने आत जाऊन शेगडीचे बटण बंद केले. सासऱ्यांनी चप्पल घातली, हात पुसले आणि मेन खाली ओढला. घरात अंधार झाला.

मुलगा म्हणाला, "आजोबा, उद्या माझा पेपर आहे! फ्यूज तर उडालेलाच नाही. तासभर लावा ना लाइट. मग बंद करू."

धाकटा दीर म्हणाला, "मामाकडे जाडी तार आहे. किटकॅट काढून तीच टाकतो. दोन मिनिटांचं काम."

सासरे म्हणाले, "थांब. जाडी तार टाकलीस, तर राखणदाराला भांग पाजल्यासारखं होईल. सांधा सैल आहे तो सैलच राहील. आणि बाळा, पेपर उद्या आहे खरा, पण घर राहिलं तर तू पेपरला जाशील. दप्तर घे आणि शेजारी काकांकडे जाऊन बस. त्यांच्याकडे लाइट आहे."

मुलगा कुरकुरत गेला. पण गेला. घरच्यांनी बॅटरीच्या उजेडात भाकरी खाल्ली. सासरे आणि दीर आळीपाळीने जागे राहिले. सकाळी वायरमन आला. त्याने वीज तोडून डबा उघडला. फ्यूजच्या खालचा स्क्रू ढिला होता. तारेचे टोक काळे पडले होते आणि वरचे प्लास्टिक वितळून लाकडी फळीवर ओघळले होते. फळी कोळशासारखी झाली होती. वायरमनने जळलेले टोक कापले, ठोकळा आणि फळी बदलली, सगळे स्क्रू आवळले.

यात कोणी मोठे शौर्य केले नाही. एका रात्रीचा अंधार सोसला, एवढेच. पण तो सोसणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. उद्या पेपर असतो, परवा लग्न असते, घरात पाहुणे असतात. वायरमनला पैसे द्यावे लागतात. "आजची रात्र जाऊ दे, उद्या बघू" असे प्रत्येकाला वाटते. उद्या बघायचे तर आज रात्री मेन बंद हवा. मेन बंद करून मग खुशाल उद्या बघावे.

काय करू नये?

फ्यूजमध्ये जाडी तार, खिळा, केसांचा आकडा किंवा सिगारेटची चांदी कधी घालू नका. ५ अँपिअरच्या जागी ५ चीच तार हवी, १५ च्या जागी १५ चीच.

एमसीबी सारखी पडते म्हणून तिचा खटका दोरीने किंवा चिकटपट्टीने वर बांधून ठेवू नका. एकदा पडली तर कारण शोधा. कारण सापडत नसेल, तर वायरमनला बोलवा.

डब्यावर पाणी ओतू नका. ओले गोणपाटही मारू नका. गवताची आग पाण्याने विझते, पण जिवंत विजेवर पाणी टाकले तर वीज पाण्यातून आपल्या अंगात येऊ शकते.

डब्याशेजारी कडबा, पोती, कपडे, रॉकेल, रंग ठेवू नका. डब्याच्या दांडीला पिशवी अडकवू नका. मेन स्विचपर्यंत अंधारातही विनाअडथळा जाता आले पाहिजे.

मीटरचे सील तोडू नका. मीटरमध्ये हात घालणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि जिवालाही धोका आहे.

आग लागलीच तर

डब्याने पेट घेतला, तर पहिले काम माणसे बाहेर काढणे. आग अगदी लहान असेल आणि आपली पाठ दाराकडे असेल, तरच कोरडी वाळू किंवा कोरडी माती दुरून फेका. भुकटीचे अग्निशामक नळकांडे असेल, तर ते वापरा. एका प्रयत्नात विझली नाही, तर सोडून द्या आणि बाहेर पडा. बाहेर पडताना खोलीचे दार ओढून घ्या. आगीला वारा कमी मिळतो. बाहेरून १०१ किंवा ११२ वर फोन करा. कोणाला भाजले असेल किंवा शॉक बसला असेल, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.

आगीत माणसे ज्वाळेनेच मरतात असे आपल्याला वाटते. पुष्कळदा ज्वाळेच्या आधी धूर मारतो. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. सरकारी चौकशीत तिचे मूळ विजेच्या बिघाडात असल्याचे आढळले. दहा तान्ही बालके दगावली. त्यांतली बहुतेक धुराने गुदमरून गेली. सात बालकांना वाचवता आले. साऱ्या महाराष्ट्राने त्या दिवशी हळहळ केली.

ते रुग्णालय होते, आपले घर आहे. तरी दोन गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत. विजेची आग रात्री लागली तर उशिरा कळते. आणि प्लास्टिकचा धूर विषारी असतो. झोपलेला माणूस त्यातून जागा होईलच असे नाही. म्हणून संध्याकाळी आलेला वास "झोपू आता, सकाळी बघू" म्हणून तसाच सोडणे फार वाईट. धुरातून बाहेर पडायची वेळ आली, तर खाली वाकून, रांगत जा. धूर वर जातो. जमिनीजवळची हवा त्यातल्या त्यात बरी असते.

कोणाला शॉक बसून तो तारेला चिकटला असेल, तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून ढकला. भाजले असेल, तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी धरा. दंतमंजन, शाई, तेल, हळद लावू नका. मग दवाखान्यात न्या.

कोणाला बोलवावे?

याचे उत्तर बिघाड कुठे आहे, यावर अवलंबून आहे.

वास मीटरजवळ, खांबावरून येणाऱ्या तारेजवळ किंवा डीपीजवळ येत असेल, तर ते काम महावितरणचे. पूर्वी राज्याची वीज महाराष्ट्र राज्य वीज मंडळाकडे होती. ते मंडळ १९६० साली स्थापन झाले. २००५ साली त्याची कंपन्यांत विभागणी झाली, तेव्हापासून घरोघर वीज पोचवण्याचे काम महावितरणकडे आले. तक्रारीचे क्रमांक असे: १९१२, १९१२० आणि १८००-२१२-३४३५. या फोनला पैसे पडत नाहीत. फोन करताना ग्राहक क्रमांक सांगावा लागतो. तो वीजबिलावर वरच्या भागात छापलेला असतो.

वास मेन स्विच, फ्यूज किंवा घरातल्या बोर्डाजवळ येत असेल, तर ते काम आपले. त्यासाठी परवाना असलेला वायरमन बोलवावा. मोटार बांधणारा, मांडववाला, कॉलेजात जाणारा भाचा, हे सगळे हुशार असतील. पण या कामाला परवान्याचा माणूसच हवा.

काम झाल्यावर त्याला तीन प्रश्न विचारा. बिघाड नेमका कुठे होता? जळलेला तुकडा दाखवाल का? बाकीचे सगळे स्क्रू आवळले का? चांगला कारागीर या प्रश्नांवर चिडत नाही.

जुनी तार आणि नवे ओझे

आपल्या गावातल्या पुष्कळ घरांत वीज आली, तेव्हा दोन दिवे आणि एक रेडिओ एवढेच ओझे होते. लाकडी पट्टीवरून तारा नेल्या. त्या तारा तेवढ्याच ओझ्यासाठी होत्या. पुढे पंखा आला, टी.व्ही. आला, फ्रीज आला, मिक्सर आला. तारा त्याच राहिल्या.

२००९ साली अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. बाहेरगावची मुले शिकायला येतात आणि खोल्या घेऊन राहतात. घरमालकाला चार पैसे मिळतात. चांगली गोष्ट आहे. पण थंडीत पहाटे काय होते, त्याचा हिशेब करा.

पाणी तापवायचा एक हीटर १५०० वॅटचा असतो. घरातली वीज २३० व्होल्टची. १५०० ला २३० ने भागा. साधारण साडेसहा अँपिअर येतात. तीन खोल्यांत तीन हीटर एकाच वेळी लागले, तर जवळजवळ २० अँपिअर झाले. फ्यूज १५ चा आहे. मग तो उडेल का? बहुधा लगेच उडणार नाही. १५ अँपिअरची फ्यूजतार सोळाव्या अँपिअरला वितळत नाही. ओझे दुपटीजवळ गेल्यावरच ती चटकन वितळते. २० अँपिअर ती बराच वेळ सोसते. भिंतीतली जुनी तार मात्र रोज पहाटे भाजत राहते.

म्हणून खोली भाड्याने देण्याआधी वायरमनकडून तार पाहून घ्यावी. प्रत्येक खोलीला वेगळी तार आणि वेगळी एमसीबी असावी. जमत नसेल, तर हीटर एकाआड एक लावायचा नियम करावा. मुलांना मेन स्विच कुठे आहे ते दाखवावे. कोणाच्या तरी आई-बापाने पोटचे पोर आपल्या भरवशावर ठेवले आहे. भाड्याबरोबर ती जबाबदारीही येते.

दिवाळीला आपण घर झाडतो, रंगवतो. त्याच वेळी वर्षातून एकदा वायरमनकडून सगळे सांधे आवळून घ्यावेत. धान्याच्या खोलीत उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का, पावसाचे पाणी डब्यावर ठिबकते का, हेही पाहावे.

वाचता येते, त्याचा उपयोग करा

आता तुम्ही वाचायला-लिहायला शिकला आहात. ही विद्या पुस्तकापुरती ठेवू नका. विजेच्या डब्यापाशी तिचा मोठा उपयोग आहे.

फ्यूजतार विकत घेताना गुंडाळीवरचा आकडा वाचा. एमसीबीवर ६, १०, १६, ३२ असा आकडा छापलेला असतो, तो वाचा. वायर घेताना आय.एस.आय.ची खूण आहे का, ते पाहा. दुकानदार म्हणाला, "काका, सगळं सारखंच असतं," तर म्हणा, "मला आकडा वाचून दाखवा." मग स्वतःही वाचा.

आणखी एक काम करा. कागदाच्या चिठ्ठ्या करा आणि त्यांवर आपल्या हाताने लिहा: स्वयंपाकघर, माजघर, ओटी, गोठा, मोटार. कोणता फ्यूज कशाचा, ते वायरमनकडून समजून घ्या. त्या चिठ्ठ्या डब्याशेजारी भिंतीवर चिकटवा. खाली मोठ्या अक्षरांत ग्राहक क्रमांक आणि १९१२, १०१, ११२, १०८ हे क्रमांक लिहा. संकटाच्या वेळी माणूस गोंधळतो, पाठ असलेले विसरतो. भिंतीवर लिहिलेले विसरले जात नाही. तुम्ही घरी नसलात, तरी तुमचे अक्षर घरच्यांना वाट दाखवील.

ध्यानात ठेवा

जळका वास म्हणजे निरोप. फ्यूज उडाला नाही, तरीही तो खरा माना.
माणसे आधी, मग हीटर-शेगडी, मग मेन स्विच.
धूर, ठिणगी किंवा तापलेला डबा असेल, तर हात न लावता बाहेर.
डबा उघडू नका, पाणी टाकू नका, जाडी तार घालू नका.
दुरुस्ती होईपर्यंत मेन बंद.

प्रश्न

१. फ्यूज उडाला नाही, तरी डबा आतून का तापतो? बैलगाडीचे उदाहरण देऊन सांगा.
२. गॅसचा वास आला, तर विजेचे बटण का दाबू नये?
३. मेन स्विच बंद केल्यावरही कोणती तार जिवंत असते?
४. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर किती अँपिअर घेते? हिशेब करा.
५. आज घरी गेल्यावर आपला मेन स्विच कुठे आहे, ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा. तो बंद कसा करायचा, हे लहानथोर सर्वांकडून एकदा वदवून घ्या.